एका लाल कार्डाला दोन पिवळी

समोरच्या गाळ्यातल्या झाकणवाल्याने मला फसवलं. मी त्याला एक खरा माणूस दिला आणि त्याने बदल्यात मला दोन खोटे दिले. तुर्भ्याच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने मला आधी पाणी दिलं आणि मग शांत राहायला सांगितलं. म्हणून आता लिहून काढतो आहे. लिहिताना मला कोणी पाणी देत नाही.

माझा धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. औषधाच्या बाटल्या, बिस्किटं, पंख्याची पाती ज्यातून जातात ती तपकिरी खोकी. झाकणवाला बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवतो. आमच्या दोन गाळ्यांमध्ये एक टेम्पो वळेल एवढा रस्ता आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. इस्टेटीत सगळे त्याला झाकणवालाच म्हणतात आणि मला खोकेवाला, त्यामुळे कोणाचं काही अडत नाही.

एकोणिसाव्या वर्षी मी कराडकडून इथे आलो तेव्हा दुसऱ्याच्या गाळ्यात हेल्पर होतो. पुठ्ठा कसा कापायचा, कुठे दाब द्यायचा म्हणजे घडी सरळ पडते, हे मला काकांनी शिकवलं. काका इथल्याच जुन्या गावातले. त्यांच्या वडिलांची मिठागरं होती. मी स्वतःचा गाळा घेतला तेव्हा काका जुन्या शेठना सांगून माझ्याकडे आले आणि कटिंगच्या मशिनीवर उभे राहिले. लोकांसमोर ते मला शेठ म्हणायचे आणि लोक गेले की पोरा. मी आता पन्नाशीला आलो आहे. काका एखादी वस्तू हातात घेऊन वीत लावायचे आणि खोक्याचं माप सांगायचे. टेप आम्ही नंतर लावायचो, गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून.

इस्टेटीत मागच्या लाइनीत एक वॉचमन पडला आणि ॲम्ब्युलन्स गेटवर येऊन रस्ता विचारत राहिली, तेव्हापासून या गोष्टीला सुरुवात झाली. वॉचमन गेला. गाळेवाल्यांच्या असोसिएशनने ठराव केला की इस्टेटीत आपले स्वयंसेवक असावेत. कोणी पडलं, भाजलं, कापलं, तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ज्यांना काय करायचं ते कळतं असे. ठराव एकमताने झाला, कारण चहा नंतर होता.

शिकवायला एक सिस्टर आल्या. आयुष्यभर हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात नोकरी करून निवृत्त झालेल्या, खारघरला राहणाऱ्या, आवाज असा की कॉम्प्रेसर चालू असला तरी मागच्या रांगेत पोचायचा. त्यांनी पहिल्याच दिवशी तीन पातळ्या सांगितल्या. पहिली पातळी म्हणजे पांढरं कार्ड, दोन तासांचा वर्ग. फोन कुठे करायचा, पत्ता कसा सांगायचा, गर्दी कशी हटवायची, गेटवर उभं राहून गाडीला वाट कशी दाखवायची. दुसरी पातळी पिवळं कार्ड. दोन रविवार, रबरी पुतळ्यावर छाती दाबायचा सराव. तिसरी लाल. गेटच्या ऑफिसात छातीला झटका द्यायचं यंत्र ठेवलं होतं ते चालवायचं, आणि त्यापुढे दर महिन्याला एक सराव. तीन सराव चुकले की लालचं पिवळं. पिवळ्यानेही वर्षभर तोंड दाखवलं नाही तर पांढरं.

"कार्ड मिळालं म्हणजे झालं असं नाही," सिस्टर म्हणाल्या. "हात विसरतात. म्हणून परत परत या."

माणसं कोण देणार, हा प्रश्न होता. असोसिएशनने नियम केला की प्रत्येक गाळ्यात एक लाल नाहीतर दोन पिवळे असलेच पाहिजेत. असले तर गेटजवळच्या जागेत गाडी लावायचा नंबर मिळेल, नसले तर गाडी मागे, जिथे वळवताना आरसे तुटतात. सगळ्या मालकांनी ताबडतोब माणसं दिली.

कोणती माणसं दिली हेही सांगतो. ज्याच्या नसण्याने काम थांबत नाही तो दिला. कोणी कालच लागलेला पॅकर दिला, कोणी दुपारी झोपणारा ड्रायव्हर. एकाने तर नोटीस दिलेला माणूस पाठवला. मीही तेच केलं. माझ्याकडे खोक्याला पिना मारणाऱ्या एक ताई होत्या. त्या महिन्यात पिना मारायच्या मशिनीची मोटर रिवाइंडिंगला गेली होती आणि ताई नुसत्या बसून होत्या. म्हणून त्यांना पाठवलं. हा सगळा विचार मी पाव मिनिटात केला.

मी स्वतः पहिल्या पातळीच्या वर्गाला गेलो होतो. सव्वा तास बसलो, मग एका गिऱ्हाइकाचा फोन आला आणि उठलो. सिस्टरनी मला कार्ड दिलं नाही. ते मी दोन दिवसांनी ऑफिसातून मिळवलं. हजेरीची वही झाकणवाल्याकडे असायची. तो असोसिएशनच्या कमिटीत होता आणि ट्रेनिंगचं काम त्याने अंगावर घेतलं होतं.

"तुझी सही राहिलीय फक्त," तो म्हणाला आणि वही पुढे केली.

मी सही केली. पांढरं कार्ड खिशात घातलं. ही वही कशी चालते ते मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलंही होतं. फायदा माझा होता म्हणून मी त्याचा पुढे विचार केला नाही.

ताई मात्र शिकल्या. एकही रविवार चुकवला नाही. घणसोलीहून दोन बस बदलून यायच्या. पहिल्या वर्गानंतर त्यांनी माझ्याकडून रद्दी पुठ्ठ्याचा एक गठ्ठा मागून घेतला, त्यावर गोणपाट बांधलं आणि जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात गुडघ्यावर बसून दाबत बसायच्या. कोपर सरळ, मोठ्याने आकडे मोजत. पोरं हसायची.

"ताई, खोकं वाचलं का?" एक जण विचारायचा.

"खोकं वाचलं. तू आडवा पड, तुझं बघते," ताई म्हणायच्या.

सहा महिन्यांत त्यांना लाल कार्ड मिळालं. आमच्या लाइनीत ते एकच लाल होतं. मोटर परत आली होती, ताई मशिनीवर होत्या, गाडी गेटजवळ लागत होती. माझं सगळं ठीक चाललं होतं.

मग झाकणवाला चहाला आला. तो चहाला आला की काहीतरी मागायला आलेला असतो. मी त्याच्याकडे जातो तेव्हाही तसंच असतं, म्हणून आमची मैत्री वीस वर्षं टिकली.

"तुझी ती लालवाली दे मला," तो म्हणाला.

"का?"

"माझी पार्टी फॉरेनची कंपनी आहे. ऑडिटला येतायत. शॉप फ्लोअरवर टॉप लेव्हलचा माणूस पाहिजे म्हणतात. कागदावर नाही चालणार, उभा पाहिजे समोर."

"तयार कर एखादा."

"सहा महिने लागतात यार. ऑडिट पुढच्या महिन्यात." त्याने बशीत चहा ओतला. "दोन पिवळे देतो तुला. नियमात बसतं. एकाला दोन. तुझी माणसं वाढतात."

"पिवळे कसले आहेत?"

"कसले म्हणजे? पिवळे. कार्ड आहे, फोटो आहे. धडधाकट आहेत, तुझे कागदाचे रोल पण उचलतील."

मी नाही म्हटलं. नाही हे मी सुरुवातीला नेहमीच म्हणतो. मग त्याने गेटजवळच्या जागेतला त्याचा अकरा ते एकचा नंबर मला द्यायचं कबूल केलं. माझ्या गाड्या नेमक्या त्याच वेळेला भरतात. मी अजून थोडं ताणलं आणि त्याच्याकडून वर्षभराची प्लास्टिकची पट्टीही काढून घेतली, गठ्ठे बांधायची. तो हात जोडून म्हणाला, "तुझ्याशी बोलणं म्हणजे डोकेदुखी आहे रे बाबा." मला बरं वाटलं. समोरचा हात जोडतो तेव्हा मला नेहमी बरं वाटतं.

कागदाचा रोल दारात आला की मी त्याच्या कडेला नख लावतो, कोपरा तोडून जिभेवर ठेवतो, उजेडात धरतो. पुरवठा करणारे माझ्या नावाने बोटं मोडतात. ती दोन माणसं माझ्या दारात आली तेव्हा मी त्यांची कार्डं पाहिली, फोटो जुळतो का बघितलं आणि आत घेतलं. ताईंचा पुठ्ठ्याचा गठ्ठा तिथेच कोपऱ्यात पडला होता. यावर दाबून दाखवा, एवढं म्हणायला मला काही लागत नव्हतं.

ताईंना मी आदल्या दिवशी विचारलं होतं.

"समोर जाल का? तिकडे एसी आहे, सुपरवायझरचं काम आहे."

"विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

"मग मी नाही म्हटलं तर?"

मी एसीचं परत एकदा सांगितलं. ताई थोडा वेळ पिनांचा डबा बंद करत राहिल्या. तो एका झटक्यात बंद होतो. मग म्हणाल्या, "महिन्याच्या सरावाला सोडतील ना ते?" मी हो म्हटलं. हे मी झाकणवाल्याला विचारलं नव्हतं.

काकांना सौदा आवडला नाही. मशीन बंद करून ते माझ्या टेबलापाशी आले. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"पोरा, चांगलं मानूस देतोस आनि कोन घेतोस?"

"काका, एकाला दोन घेतोय."

"तुला मोजायला मी शिकवलं, ते येवढ्यासाठी नाय."

"जागाही मिळाली गेटजवळ."

"मंग जागेवर जाऊन बस," काका म्हणाले आणि परत मशिनीवर गेले. दोन दिवस त्यांनी मला लोकांसमोरही शेठ म्हटलं नाही.

त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली. दोघे पिवळे रोल चांगले उचलत होते. त्याबाबतीत माझी तक्रार नाही.

तो मंगळवार होता आणि दुपारचे सव्वाबारा वाजायला आले होते. माझी गाडी गेटजवळच्या जागेत, म्हणजे आमच्या दोन गाळ्यांच्या तोंडाशीच, भरत होती, माझ्या नव्या वेळेत. काकांनी मशीन बंद केली, कपाळ पुसलं आणि कापलेल्या पुठ्ठ्याच्या थप्पीवर बसले. ते कामाच्या वेळात कधी बसत नसत, म्हणून माझं लक्ष गेलं. मी विचारलं, "काका, पाणी?" त्यांनी हात वर केला, थांब अशा अर्थी. मग ते थप्पीवरून खाली घसरले. जड गोणी घसरते तसे, घाई न करता.

मी ओरडलो. सगळे जमले. पिवळ्यांपैकी एकाने फोन लावला आणि पत्ता नीट सांगितला, गेट सांगितलं, लाइन सांगितली. हे पहिल्या पातळीचं काम त्याने अगदी बरोबर केलं. दुसऱ्याने काकांच्या नाकाला चप्पल लावली.

"हे काय करतोस?"

"फिट हाय शेठ. घोरतायत बघा."

काका खरंच घोरल्यासारखे करत होते. मधूनच एखादा मोठा श्वास, खर्रर्र, मग काहीच नाही, मग परत एक. कोणीतरी डब्यातला कांदा आणला आणि फोडला. कोणीतरी तळपाय चोळायला लागलं. मीही म्हटलं, श्वास चालू आहे, श्वास चालू आहे. चार जणांना सांगितलं. तो श्वास नव्हता. हृदय थांबल्यावर काही वेळ शरीर तसं करतं, आणि तसं दिसलं तर एक क्षण न थांबता छाती दाबायला घ्यायची, हे सिस्टर पिवळ्या कार्डाच्या दुसऱ्या रविवारी शिकवतात. त्या रविवारी तिथे बसलेलं कोणीही आता माझ्या गाळ्यात नव्हतं, कार्डं मात्र दोन होती.

मग घोरणं थांबलं. काकांचे ओठ जांभळे झाले.

"दाबा ना छाती!" मी ओरडलो. "पिवळं कार्ड आहे ना तुमचं!"

"कार्ड हाय शेठ," फोन केलेला म्हणाला. "पण आमाला नाय येत."

"म्हणजे?"

"आमी गेलोच नाय. ओवरटाइम होता रविवारी. कार्ड समोरच्या शेठनी आणून दिलं."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. यात आणखी वेळ गेला. मग मी स्वतः गुडघ्यावर बसून दाबायला लागलो. माझी कोपरं वाकत होती आणि मी कुठे दाबत होतो मला माहीत नाही. सव्वा तासानंतर मी उठून गेलो होतो, पुढचं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. एका पोराला म्हटलं, समोर पळ, ताईंना आण.

समोर नेमकं त्या फॉरेनच्या कंपनीचं दुसरं ऑडिट चालू होतं. त्या पोराला दारात त्यांच्या माणसाने अडवलं. म्हणाला, पाहुणे आत आहेत, पाच मिनिटं थांब. पोरगं दारातूनच बोंबललं. ताई डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे, पायात निळ्या पिशव्या अशा तशाच बाहेर आल्या. माझ्या गाडीला वळसा घालून आल्या, कारण गाडी आडवी होती.

"सरका," त्या मला म्हणाल्या. "तू गेटवर जा, यंत्र आण. तू मागे हो. ती चप्पल फेक."

कोणाला काय सांगितलं ते ज्याचं त्याला कळलं. त्यांनी मोजे काढले नाहीत. दोन्ही हात छातीच्या मधोमध ठेवले आणि दाबायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. एकदा काहीतरी कडकन वाजलं. कोणीतरी अरे म्हणालं. "बरगडी आहे, जुळते," ताई म्हणाल्या आणि आकडा चुकवला नाही. यंत्र आलं. ते मराठीत बोलत नाही, पण ताईंना कळत होतं. सगळ्यांना लांब केलं, झटका दिला, परत दाबायला लागल्या. तिसऱ्या वेळी मला म्हणाल्या, "शेठ, माझे हात भरून आले. मी सांगते तसं करा. कोपर सरळ." मी केलं. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून आकडे मोजत राहिल्या. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा काकांची नाडी लागत होती.

काका जगले. वाशीच्या हॉस्पिटलात बावीस दिवस होते. डॉक्टरांनी मला एकच गोष्ट तीनदा विचारली, पडल्यापासून छाती दाबायला घेईपर्यंत किती वेळ गेला. मला सांगता येईना. नंतर मी असोसिएशनच्या ऑफिसात बसून माझ्याच गाळ्याच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. काका घसरल्यापासून ताईंचे हात लागेपर्यंत सात मिनिटं आणि वर थोडं. त्यात शेवटी मी दाबतोय तेही दिसतं. ते मी धरत नाही. ऑफिसातल्या क्लार्कने विचारलं, "परत लावू?" मी म्हटलं लाव. चार वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी तेवढीच.

काकी, म्हणजे काकांची बायको, हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी बसायच्या. मग एकदा डब्यातली भाकरी मला देता देता म्हणाल्या, "ती बाय तर आदी तुमच्याकडंच होती ना?"

"होती."

"मंग समोर कशी गेली?"

मी सांगितलं. जागेचंही सांगितलं, पट्टीचंही. काकींनी ऐकून घेतलं, डब्याला झाकण लावलं. "खावा," म्हणाल्या. मी खाल्ली. त्यांच्यासमोर न खाणं जमलं नसतं.

आता काका घरी असतात. चालतात, बोलतात, जेवतात. मला ओळखतात. कधी कधी त्यांना वाटतं मी अजून जुन्या शेठकडे हेल्पर आहे. दर गुरुवारी त्यांचा जावई त्यांना गाळ्यात घेऊन येतो, कारण घरी ते कामावर जायचं म्हणून चपला शोधत बसतात. आल्यावर ते मशिनीजवळ स्टुलावर बसतात. मागे एकदा मी त्यांच्या हातात एक बाटली दिली आणि म्हटलं, काका, माप सांगा. त्यांनी वीत लावली. बराच वेळ ती वीत बाटलीवरच राहिली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पोरा, ह्याच्यापुढं काय करायचं असतं?"

मी टेप आणला.

असोसिएशनच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. झाकणवाला समोरच बसला होता. मी म्हटलं, याने मला खोटी माणसं दिली.

तो म्हणाला, "सौदा केलास ना? जागा घेतलीस, पट्टी घेतलीस, माणसं बघून घेतलीस. आता सहा महिन्यांनी माल परत आणतोस?"

दोघे-तिघे हसले. मी माझ्यासमोरची खुर्ची उचलली होती, ती कुठे टाकायची ते ठरलेलं नव्हतं. अध्यक्षांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, लेखी द्या.

सिस्टर मागच्या रांगेत होत्या. त्या उठल्या. "माझी माणसं या गाळ्यातून त्या गाळ्यात करायची तर मला विचारावं असं दोघांपैकी कोणाला वाटलं नाही?" त्यांनी विचारलं. "लाल कार्ड लाइनीत मधोमध होतं. सगळ्यांना सारखं जवळ पडत होतं. तुम्ही त्याला दाराआड नेऊन कोंडलंत. आणि तुम्ही," हे मला, "तुम्ही पाठवलंत."

मी म्हटलं, "सिस्टर, मला फसवलंय."

"तुम्हाला नाही. बाईंना महिन्याच्या सरावाला सोडत नव्हते, ठाऊक आहे? दोन सराव चुकले त्यांचे. तिसरा चुकला असता तर लाल गेलं असतं. त्या सुट्टी टाकून आल्या."

हे मला ठाऊक नव्हतं. झाकणवाल्याने मान खाली घातली नाही. पंख्याकडे बघत राहिला.

त्या मीटिंगमध्ये एवढंच झालं की इस्टेटीतली सगळी पिवळी आणि लाल कार्डं रद्द झाली आणि सगळ्यांना सिस्टरसमोर पुतळ्यावर दाबून दाखवायला सांगितलं. गेटच्या ऑफिसात नावांचा बोर्ड आहे, त्यावर आमच्या गेटच्या आत एकोणतीस पिवळे होते. दाबून दाखवणारे सहा निघाले. लाल एकच होतं, ते राहिलं. ताई माझ्याकडे परत आल्या. मी बोलावलं नव्हतं, मला तोंड नव्हतं. त्या आपल्या आपण आल्या आणि पिनांचा डबा उघडला. मी विचारलं, एसी? त्या म्हणाल्या, "तिथे थंडी वाजते."

मीही वर्गाला जातो. पहिल्या पातळीपासून, दोन तास पूर्ण. दुसऱ्या पातळीला मी सिस्टरना म्हटलं, दोन रविवारचं एका रविवारात बसवा, मी सकाळी सातला येतो, संध्याकाळपर्यंत थांबतो, तास तेवढेच भरतील. त्यांनी विचारलं, "पडलेला माणूस तुमच्यासाठी थांबेल का?" मी दोन्ही रविवार गेलो. आता माझ्याकडे पिवळं आहे. कोपर सरळ राहतं. पहिल्या शंभरानंतर खांदा दुखतो, पण राहतं.

तर लेखी द्यायचं ते मी दिलं आहे. त्यात माझा भाग आधी लिहिला. सव्वा तास बसून पूर्ण वर्गाची सही केली. ताईंना गाडीच्या जागेसाठी दिलं. आलेली माणसं तपासून घेतली नाहीत. कॅमेऱ्यासमोर एका माणसाला मारलं, ज्याचा दोष सगळ्यात कमी होता. खाली सही केली, ती माझी मी केली. अध्यक्षांनी वाचून विचारलं, हे सगळं घालायचं का? म्हटलं, घाला.

झाकणवाल्याकडून मात्र एक ओळ आलेली नाही. दुसऱ्या रविवारच्या पानावर त्या दोघांच्या सह्या आहेत असं तो सांगतो. ते दोघे सांगतात, त्या दिवशी सकाळी आठपासून आम्ही त्याच्याच मशिनीवर झाकणं काढत होतो. मग सही कोणी केली? वही दाखव म्हटलं तर ती सापडत नाही. इतकी वर्षं त्याच्याकडून एक झाकण हरवलेलं मला आठवत नाही.

मला त्याच्याकडून जागा नको, पट्टी नको. त्याने एखाद्या गुरुवारी रस्ता ओलांडून यावं. वही घेऊन यावं, वही खरंच नसेल तर तसंच यावं. काकांच्या समोर स्टूल टाकून बसावं आणि त्या सह्या कोणी केल्या ते स्वतःच्या तोंडाने त्यांना सांगावं. काका ऐकून घेतील, मान हलवतील आणि थोड्या वेळाने परत विचारतील, कारण ऐकलेलं त्यांच्यापाशी राहत नाही. तेव्हा त्याने परत सांगावं. जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा सांगावं.